बोलायची पाळी

त्या सकाळी पायांना नुसती भिंगरी लागली होती. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल ते किचन, किचन ते हॉल. लेक वैतागली, "ममा, सिट डाऊन लाह!" कशी बसणार? तिकडे जपानच्या हायकोर्टात नवऱ्याच्या अपिलाची सुनावणी होती.

नवरा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. जपानच्या किनाऱ्याजवळ, त्याच्या ड्यूटीत, जहाज मच्छीमारांच्या नावेवर आदळलं आणि एक माणूस गेला. समोर नजर ठेवायला सोबत जो खलाशी असतो, त्याला कॅप्टननेच दुसऱ्या कामाला पिटाळलं होतं. पण खालच्या कोर्टात नवऱ्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि ही अक्कल कुणाची? माझी! "कॅप्टनविरुद्ध बोललास तर पुढे कोण जहाजावर घेईल? आत्ता मुकाट्याने माफी माग, सोडतील. नाहीच सोडलं तर हायकोर्ट आहेच की, तिथे सांग सगळं." आमच्या माहेरी कुणी खटला हरलं की हेच म्हणायचे, वर बघू. त्याने बिचाऱ्याने ऐकलं. सजा झाली, तीही तुरुंगातली.

अपील केल्यावर वकीलबाईंनी फोनवर नीट समजावलं. तिथलं हायकोर्ट खटला पहिल्यापासून चालवत नाही. तीन न्यायाधीश खालचे कागद तपासतात, निकालात चूक आहे का एवढंच बघतात. नवं काही सांगायचं तर आधी का सांगितलं नाही, याला सबळ कारण लागतं. बायकोने गप्प बसवलं, हे कारण चालेल का? मी विचारलंसुद्धा. बाईंनी सरळ सुनावणीची तारीख सांगितली. जळलं मेलं माझं शहाणपण!

घरात राहवेना, म्हणून रॅफल्स प्लेसला ऑफिसला निघाले. एमआरटीच्या गाडीत जागा असून उभी राहिले. मध्येच फोन वाजला तशी पुढच्या स्टेशनवर उतरले.

"संपली सुनावणी," वकीलबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं. नवा जबाब घ्यायला नकार दिला. निकाल पुढच्या महिन्यात आहे, पण फार आशा ठेवू नका."

"आणि तो? तो काही बोलला?"

"सगळे उठले तरी ते बसूनच होते. मला विचारत होते, माझी बोलायची पाळी कधी येणार? मी आता भेटायला जातेय त्यांना. काय सांगू?"

एक गाडी आली, गेली.

"सांगा, ती पाळी खालच्या कोर्टातच येऊन गेली," मी म्हणाले. "आणि माझ्यामुळे गेली, हेही सांगा."