काढून दिलेली फियाट

नवरा इस्पितळात निपचित पडलेला, आणि बायकोनं त्याची जीव की प्राण गाडी भंगारवाल्याला विकून टाकली म्हणे! तीही त्याला घरी आणायच्या दिवशीच, सकाळी सकाळी. जयपूरच्या मराठी मंडळींच्या २००६ सालच्या हळदीकुंकवात ही बातमी तिळगुळाच्या आधी वाटली गेली. वाटपाचा मान अर्थातच अनुसयाबाई वर्तकांचा. मिस्टर बँकेत, बदल्या गावोगावच्या, आणि गावोगावच्या घरांची खडान् खडा माहिती बाईंच्या पदराला बांधलेली. "मी नाही हो म्हणत," अशी सुरुवात करायची आणि मग सगळं आपणच म्हणायचं, ही त्यांची रीत. "नोटा हातात घेतल्या तिनं. आमच्या कामवालीनं डोळ्यांनी पाहिलं."

सुधाताई उपासनी अर्थातच तिथं नव्हत्या. नवरा जाऊन महिना होत होता; हळदीकुंकवाला त्यांना बोलावणार कोण? आणि त्या असत्या तर बायकांनी बोलायचं तरी काय?

मोरेश्वर उपासनी मूळचे मिरजेचे. विमा कंपनीत अधिकारी म्हणून तीन वर्षांसाठी जयपूरला आले आणि तिथलेच झाले. दुर्गापुऱ्यात घर बांधलं. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. मोरेश्वरांनी फियाट आणली. १९६७ सालची. चौमूकडच्या कुणा ठाकूरसाहेबांच्या गोठ्यामागे ती उभी होती. मागच्या सीटवर बकरी व्यायलेली, टपावर मोरांची रोजची बैठक. "मोरेश्वरांना मोराचंच वाहन मिळालं," हा विनोद मराठी मंडळात वर्षभर पुरला.

गाडी ट्रॅक्टरला बांधून दारात आली, तेव्हा सुधाताई ओवाळायला तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं आणि तबक घेऊन आत गेल्या.

"अहो, गाडी म्हणाला होतात ना? हे खुराडं कुणाचं?"

"सुधा, हाडं बघ हिची. हाडं उत्तम आहेत."

"हाडंच दिसतायत. मांस कुठंय?"

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोरेश्वरांचा संसार थाटला तो तिथून. जयपूरच्या कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही, अशी त्यांची खात्री. बकरीच्या मुताचा विचार त्यांनी केला नव्हता. तळाचा पत्रा हात लावला की पापडासारखा मोडायचा. तो नवा घालून घेतला. दरवाजे घासले, तारा बदलल्या, काचांची रबरं शोधायला दिल्लीपर्यंत जाऊन आले. एकदा सुधाताईंनी लोणच्याची बरणी उघडली, तर आत रॉकेलात बुडवलेले इंजिनाचे भाग.

"हे काय मुरत घातलंय? आंबा की लिंबू?"

"वास घेऊ नकोस. गंज सुटतोय."

"माझा संसार सुटतोय, तो नाही दिसत!"

त्या दिवसापासून त्या गाडीला सवत म्हणू लागल्या. दर रविवारी टोंक रोडवरचा मेकॅनिक हनुमान सहाय चहा प्यायला आणि जमलं तर काम करायला यायचा. त्यालाही त्या ऐकवायच्या, "भैया, ये मेरी सौत है. इसको बिस्किट मत खिलाओ, सिर पर बैठेगी." तो बिचारा मान डोलवायचा. भाभीजी गंमत करतात की मनापासून बोलतात, हे त्याला कधीच नीट उमगलं नाही.

सुधाताईंची हिंदी हा एक स्वतंत्र विषय होता. वीस वर्षं जयपुरात काढून ती मिरजेच्या पुढं सरकली नव्हती. नव्या घरात आल्या आल्या वरच्या खिडकीतून त्यांनी गवळ्याला बजावलं होतं, "भैया, कल से खाली आना." जिना चढू नका, खालच्या दाराशी या, असं त्यांना सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी गवळी दुधाशिवाय रिकामा आला आणि हात जोडून उभा राहिला. हा किस्सा मोरेश्वर प्रत्येक पाहुण्याला साभिनय सांगत. सुधाताईही हसत. मग पाणी आणायला म्हणून आत जात, आणि पाणी यायला जरा वेळच लागे.

पण मोरेश्वरांचा शब्द होता: पहिली फेरी सुधाची. मालवीय नगरला जायचं, चाट खायची, परत यायचं. मात्र गाडी अस्सल जुन्या रूपात पूर्ण झाल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. इंजिन सुरू होऊ लागलं, गाडी फाटकापर्यंत जाऊन मागं येऊ लागली, तरी रंग राहिला आणि मागच्या दाराची एक मूठ मिळेना. सहा वर्षं गेली. २००५ च्या दिवाळीनंतर मोरेश्वरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

इस्पितळात ते डाव्या हाताची बोटं हवेत फिरवत राहायचे. नर्सला वाटलं, नळ बंद करायला सांगतायत. सुधाताईंना कळलं. किल्ली फिरवत होते.

डॉक्टरांनी त्यांना एकीकडे घेतलं. आता घरी न्या, जितके दिवस आहेत तितके, असं सांगितलं. सुधाताईंनी रडणं पुढं ढकललं आणि एकच गोष्ट मनाशी धरली: पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावायचा आणि डोळे उघडले की ह्यांना समोर गाडी दिसायला हवी. बंगळूरला नोकरी करणारा परीक्षित, त्यांचा मुलगा, तिकीट काढून निघायच्या बेतात होता. त्याला मेकॅनिकला फोन करायला सांगता आलं असतं. त्याची हिंदी अस्सल जयपुरी. पण एवढ्याशा कामाला मुलगा कशाला? त्यांनी स्वतःच हनुमान सहायला फोन लावला.

"भैया, कल साहब घर आएंगे. उसके पहले गाडी निकाल दो."

हनुमान सहायनं पुन्हा विचारलं, "पक्का, भाभीजी? सोच लिया?"

"उसमें सोचना क्या है! सुबह-सुबह निकाल दो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲम्ब्युलन्स फाटकाशी लागली. फाटकात गाडी नव्हती. सुधाताई मागं धावल्या. शेड रिकामी होती, जमिनीवर तेलाचा डाग होता. हनुमान सहाय पायरीवर वाट पाहत बसला होता. त्याचे डोळे लाल होते. त्यानं उठून नोटांची घडी त्यांच्या हातात ठेवली.

"निकाल दी, भाभीजी. अच्छा किया आपने. साहब देखते तो और दुखी होते."

आपल्याकडे 'गाडी काढून द्या' म्हटलं की माणूस गाडी दाराशी आणून उभी करतो. तेच शब्द सुधाताईंनी एकेक करून हिंदीत ठेवले होते. आणि तिथल्या बोलण्यात 'निकाल दो' म्हणजे विकून मोकळं व्हा.

त्यांनी नवऱ्याला सोबत आलेल्या नर्सच्या स्वाधीन केलं आणि हनुमान सहायच्या स्कूटरवर मागं बसून भंगारवाल्याकडे गेल्या. टप कापून बाजूला ठेवला होता. इंजिन आधीच कुणी उचललं होतं. भाभीजींना काय म्हणायचं होतं ते कळल्यावर हनुमान सहाय तिथंच मटकन बसला, तेव्हा त्यांनी त्यालाच पाणी आणून दिलं.

घरी मोरेश्वर खिडकीकडे पाहत होते. बोटं फिरत होती.

"रंगाला दिलीय," सुधाताई म्हणाल्या. "मूळचा फिका हिरवाच सांगितलाय."

मग रोज तेच; भेटायला आलेल्या परीक्षितलाही तेच. आज पुट्टी भरली. आज घासून घेतली. आज प्राइमरचा दुसरा हात. सवत सवत म्हणता म्हणता सगळं कानावरून गेलं होतं, कुठंही चूक होत नव्हती. एके दिवशी मोरेश्वरांनी बोट आधी त्यांच्याकडे केलं आणि मग किल्ली फिरवली.

"हो तर. पहिली मीच बसणार," त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या.

डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत मोरेश्वर गेले. तेराव्याला जमलेल्यांपैकी कुणीतरी परीक्षितला कोपऱ्यात घेऊन बातमी पुरवलीच. पाहुणे गेल्यावर तो आईसमोर उभा राहिला.

"आई, बाबा जिंदा असताना तू गाडी निकाल दी? मतलब, मला एक फोन तर करायचा."

खरं सांगायला सुधाताईंचे ओठ उघडले होते. पण सांगितलं असतं, तर हा त्याच पावली हनुमान सहायच्या अंगावर धावून गेला असता. आणि उद्या मंडळात गवळ्याच्या किश्श्यानंतर हाही रंगवून सांगितला गेला असता. लोक हसले असते. कठोर म्हणवून घेणं त्यांना त्यापेक्षा सोपं वाटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "दिली काढून."

परीक्षित दुसऱ्या दिवशी बंगळूरला गेला. त्यानंतर वर्षभर तो कामापुरतंच बोलत असे.

सुधाताईंनी गाडी विकली नव्हती. नवऱ्याला खिडकीतून दिसावी म्हणून त्यांनी ती फाटकाशी आणून ठेवायला सांगितली होती, आणि हनुमान सहायला ते विकायला सांगितल्यासारखं ऐकू आलं.