पबमधला पितळी बुश

डॉक्टरांनी मला पबमध्ये नेलं ते नोकरीसाठी. ते आमच्याच जिल्ह्यातले, वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास. माझी बायको त्यांच्या वॉर्डमध्ये नर्स. आम्ही ब्रिस्टलला उतरलो तेव्हा घर मिळेपर्यंत तीन आठवडे त्यांच्याकडेच राहिलो. त्यांच्या मिसेसनी आम्हाला गरम पोळ्या वाढल्या, त्यांचे जुने कोट दिले. हे मी आजही विसरत नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र त्या शनिवारपासून वाटतं.

मी नववीतून शाळा सोडली. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं लेथवर, धातू कातायच्या मशीनवर होतो. इथे आल्यावर वेअरहाऊसमध्ये खोकी चिकटवत होतो. दोन वर्षांत लोखंडाला हात लागला नव्हता. डॉक्टरांच्या ओळखीचा एक इंग्रज गृहस्थ होता, एका इंजिनिअरिंग वर्कशॉपचा सुपरवायझर. त्याला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, हवा होता. कागदपत्रांपेक्षा माणूस बघून घेतो, म्हणाला. शनिवारी दुपारी पबमध्ये आणा.

"घाबरू नकोस," डॉक्टर गाडीत म्हणाले. "मी आहे ना. बोलायचं मी बघतो."

"हो, डॉक्टर."

"आणि अरे, सारखं येस सर, येस सर नको. इथे कोणी सर नसतं."

"हो, डॉक्टर."

पब जुन्या गोदीमागच्या बोळात होता. दार इतकं बुटकं की डॉक्टरांनाही वाकावं लागलं. आत काळ्या तुळया आणि एका बाजूला कललेली फरशी. चालताना पाय आपोआप काउंटरकडे जात होते. तीनशे वर्षांपूर्वी खलाशी इथेच बसायचे, डॉक्टर सांगत होते. भिंतीवरचा प्रत्येक फोटो त्यांना पाठ होता. मी हो हो म्हणत काउंटरकडे बघत होतो. तिथे लाकडी मुठीचे चार उंच पंप होते. मालकीणबाई मूठ खाली ओढायची आणि तळघरातल्या पिंपातली बिअर ग्लासात चढायची. ना गॅस, ना बटण, नुसता हाताचा जोर. तीन पंप नीट ओढत होते. चौथा सुस्कारा टाकायचा आणि फेसच थुंकायचा.

इंग्रज आला. साठीचा, जाड बोटांचा. नखांच्या कडेला काळं बसलेलं. ती बोटं बघून मला एकदम बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासारखे हात दिसले होते.

त्याने आमच्यासाठी बिअर आणली. मी डॉक्टरांकडे बघितलं. वडीलधाऱ्यासमोर ग्लास तोंडाला लावायचा कसा?

"घे रे, घे. इथे चालतं," डॉक्टर हसले. मग इंग्रजाला म्हणाले, "आमच्याकडे मुलं मोठ्यांसमोर पीत नाहीत. फार साधा मुलगा आहे."

मी छत्तीस वर्षांचा होतो. तोंड भिंतीकडे वळवून एक घोट घेतला. बिअर थंड नव्हती, कडू होती, ओल्या धान्यासारखा वास. ग्लास खाली ठेवला.

इंग्रज मला विचारायचा आणि डॉक्टर उत्तर द्यायचे. किती वर्षं काम केलं? "चौदा. शिक्षण कमी आहे, पण खूप कष्टाळू." कसल्या मशीनवर? "सगळ्या. ही पोरं तिकडे सगळं करतात." मी जुन्या हाताच्या लेथवर होतो, सगळ्या नव्हे. ते सांगायला तोंड उघडलं की डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारायचे. इंग्रज एकदा डॉक्टरांना म्हणाला, "याला बोलू द्या की." डॉक्टर म्हणाले, "लाजतो हो."

मग इंग्रजाने खिशातून एक पितळी बुश काढला, अंगठ्याएवढा पोकळ नळीचा तुकडा. काउंटरवरचा तो चौथा पंप हा इंग्रजच दुरुस्त करायचा, हौस म्हणून. पंपाचा दांडा ज्यातून वरखाली होतो, त्या जागी हा बसवायचा आहे, म्हणाला. त्याने हात माझ्याकडे केला. पण मी घेण्याआधी डॉक्टरांनीच तो उचलला, खिडकीच्या उजेडात धरला.

"ब्यूटिफुल! काय फिनिश आहे! सोन्यासारखा. हे तुमचं इंग्लिश क्राफ्ट्समनशिप, हे आता कुठे बघायला मिळतं?"

मग तो माझ्या तळहातावर आला.

नख फिरवायचीही गरज नव्हती, तरी फिरवलं. नखाखाली बारीक वळ्या लागल्या. कातताना टूल थरथरलं होतं. शिवाय बुश एका टोकाला केसभर जाड होता. चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, फार बाहेर काढून धरला असणार. असा बुश बसवला तर आठवड्यात हवा ओढायला लागला असता. सातपूरला हा जॉब मी उस्तादाला दाखवलाच नसता, गुपचूप भंगारच्या डब्यात टाकला असता.

"काय वाटतं?" इंग्रजाने विचारलं. या वेळी थेट माझ्या डोळ्यांत बघत होता.

एवढं इंग्रजी मला येत होतं. जाडीतला उतार तो टेपर, टूलची थरथर ती चॅटर, हे शब्द तर दोन्हीकडे सारखेच. पण डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने शेजारी बसलेले, आत्ताच सोन्यासारखा म्हणालेले. ज्यांच्या घरचं तीन आठवडे खाल्लं, त्यांना परक्या माणसासमोर, त्यांच्याच ओळखीच्या माणसासमोर, खोटं पाडायचं? मी नववीतून शाळा सोडलेला, ते एवढे मोठे डॉक्टर.

"व्हेरी गुड, सर," मी म्हणालो.

इंग्रजाने बुश परत घेतला. थोडा वेळ बोटांत फिरवला, मग खिशात टाकला. त्यानंतर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. तो आणि डॉक्टर क्रिकेटवर बोलत बसले. माझा ग्लास भरलेलाच राहिला. उठताना मालकीणबाईने तो उचलला आणि विचारलं, बिअर बिघडली होती का? नाही नाही, फार चांगली होती, मी म्हणालो.

"मस्त झालं," डॉक्टर गाडीत म्हणाले. "नम्र राहिलास, तेच आवडतं या लोकांना."

घरी आल्यावर बायकोला पेन्सिलने कागदावर बुश काढून दाखवला. कुठे जाड, कुठे वळ्या, कसा पकडायला हवा होता, सगळं. ती म्हणाली, "अहो, मग हेच तिथे का नाही बोललात?" मी कागद चुरगळला.

बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. मी पोळी खात होतो, म्हणून बायकोने स्पीकर लावला.

"अरे, नाही झालं. तो म्हणतो माणूस चांगला आहे, पण नजर नाही. तो बुश खराब होता म्हणे, त्यांनीच नापास केलेला. मुद्दाम दाखवला. आता मला बिचाऱ्याला काय कळणार त्यातलं? पण तू एवढी वर्षं ते काम केलंस. तुला दिसलं कसं नाही रे?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं.

"नाही दिसलं, डॉक्टर. सवय गेली हाताची."

"असू दे, असू दे. मी सांगितलंय त्याला, की मुलगा प्रामाणिक आहे."

"तुमचे फार उपकार आहेत," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "उद्या मला वॉर्डमध्ये त्यांच्यासमोर उभं राहायचंय. ते सगळ्यांसमोर हेच सांगणार, की याला नजर नाही. मी काय म्हणू?"

"हो म्हण," मी म्हणालो.