नंदाताईंनी भरलेला थर्मास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माधवीलाही नाही, आणि एरवी बायकोपासून लपवावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलंही नाही. माझ्या मित्राचं, प्रफुलचं, इन्सुलिन वाटेत खराब झालं नव्हतं. अमेरिकेत मिनियापोलिसच्या विमानतळावर, पासपोर्ट तपासणीच्या हॉलआधी जे स्वच्छतागृह लागतं, तिथल्या कचऱ्याच्या डब्यात मी ते माझ्या हातांनी टाकलं. त्यानंतर महिन्याभरात प्रफुल गेला.

बातमी म्हणावी तर ती त्याच्या मुलीच्या, रेवाच्या फोनने आली. रविवारची दुपार होती आणि मी घरासमोरचा बर्फ फावड्याने ओढत होतो. "काका, बाबा दार उघडत नाहीये. फोन पण नाही. आय कॅन हिअर द टीव्ही." मी विचारलं, नाइन वन वनला फोन केलास का? ती म्हणाली, "बाबाने सांगितलंय, नेव्हर कॉल देम. करू का, काका?" कॉलेजात जाणारी, इथेच जन्मलेली, इथली नागरिक असलेली मुलगी बंद दाराबाहेर उभी राहून मला परवानगी विचारत होती. मी "कर" म्हणालो. पण म्हणण्याआधी मी थांबलो होतो. तेवढ्यात माझ्या डोक्यातून काय काय गेलं ते मला ठाऊक आहे. पोलीस येतील, नाव विचारतील, शेवटचं भेटायला कोण आलं होतं ते विचारतील… फोनवरची ती शांतता रेवाने ऐकली असणार. तिने त्याबद्दल अजून एक अक्षर काढलेलं नाही.

इस्पितळात त्याला कुणीही कागदपत्रं मागितली नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण ज्या गोष्टीला तो शेवटी एवढा घाबरला ती तिथे घडलीच नाही. त्यांनी त्याची साखर बघितली, रक्तात काय काय साठलंय ते बघितलं आणि जमेल ते सगळं केलं. उशीर झाला होता. तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही.

प्रफुलचं आडनाव मी लिहीत नाही. रेवाला इथेच राहायचं आहे. तो नागपूरचा, मी पुण्याचा. एकाच कंपनीने एकाच हिवाळ्यात आम्हाला मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत आणून टाकलं आणि एका अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघं गादीला गादी लावून झोपायचो. मी स्वभावाने भित्रा. गाडी शिकताना हायवेवर चढायची पाळी आली की माझी गाडी रांगायला लागायची. शेजारी प्रफुल चिवडा खात बसलेला असायचा. "काहून बे पुणेकर, आक्सिलरेटर दाबून राहिला का आशीर्वाद देऊन राहिला?" असं म्हणायचा. ऑफिसात मीटिंग संपली की सगळ्या गोऱ्या लोकांना तो हाताला धरून चहा पाजायचा आणि तेही निमूट प्यायचे. मधुमेह त्याला तिशीतच जडला होता. हॉटेलात टेबलावरच शर्ट वर करून सुई टोचायचा. लोक बघायला लागले की म्हणायचा, "शो आहे, फुकट आहे, बघा."

मग मंदी आली. माझी नोकरी टिकली, त्याची गेली. आमच्यात फरक पडला तो तेवढाच, माझ्या हुशारीचा त्यात काही भाग नव्हता. व्हिसा नोकरीला बांधलेला. दुसरी कंपनी मिळाली, पण तिने भरलेला अर्ज नामंजूर झाला. तोवर त्याचं लग्न मोडलं होतं, रेवा आईकडे होती आणि दर शनिवारी बापाकडे यायची. परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे त्याला वकिलाने सांगितलं होतं. "सहा महिने थांबतो, काही तरी होईल," असं तो म्हणाला आणि व्हिसा संपल्यावरही राहिला. लॅपटॉप दुरुस्त करायचा, आपल्या लोकांच्या मुलांना गणित शिकवायचा. मंडळाच्या गणपतीत आरतीला त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, पण फोटो काढायची वेळ झाली की तो प्रसादाच्या टेबलामागे जाऊन उभा राहायचा. त्याच्याबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणून म्हणायचे, "त्याचं स्टेटस नाहीये ना…" एखाद्याला मूलबाळ नाही हे सांगताना काढतात, तसा तो आवाज.

त्या वर्षांत त्याचं औषध भारतातून यायचं. आपल्यात ही रीतच आहे. कोण चाललंय, कोण येतंय, कुणाच्या बॅगेत जागा आहे, हे विचारायचं आणि लोणच्याच्या बाटलीशेजारी कुणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळ्या घालून आणायच्या. नागपूरला त्याची थोरली बहीण, नंदाताई, इन्सुलिन घेऊन ठेवायच्या. ते गरम होता कामा नये आणि गोठताही कामा नये. म्हणून त्यांनी रुंद तोंडाचा एक स्टीलचा थर्मास घेतला आणि भांड्याच्या दुकानातून त्याच्यावर नाव घालून आणलं, आपण ताटवाट्यांवर घालतो तसं. प्रफुल आणि पुढे आडनाव. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, देवनागरीत. माणूस आला की थर्मास भरून यायचा आणि कुणी निघालं की रिकामा परत जायचा.

मग आमच्या राज्याने एक सोय काढली. ज्यांना कागदपत्रांअभावी केंद्राच्या कुठल्याच वैद्यकीय योजनेत जागा नाही, अशांनाही राज्याच्या पैशातून आरोग्यविमा. प्रफुलने पहिल्या फटक्यात अर्ज केला. मी त्याला म्हटलं होतं, पत्ता देऊ नकोस, जरा थांब, लोकांचं काय होतंय ते बघ. तो हसला. कार्ड आलं त्या दिवशी ते दाखवायला तो पेढे घेऊन घरी आला. स्वतः खाता येत नाहीत म्हणून समोर बसून आम्हाला खायला लावले. "वहिनी, सांगा याला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मले स्टेटस न विचारता शुगर विचारली." त्या वर्षी त्याने डोळे तपासून घेतले, पायाची एक जुनी जखम दाखवली, त्याचं वजन वाढलं. थर्मास नागपूरला ताईंच्या ओट्यावर पडून होता. मला वाटतं, इथे आल्यापासून त्याचं सगळ्यात निवांत वर्ष तेच असावं.

जेमतेम वर्षभर चाललं ते. पुढे राज्यातली राजकीय गणितं बदलली आणि मोठ्या माणसांसाठी ती सोय बंद झाली. मुलांसाठी तेवढी राहिली. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या शहरात भीती उतरली. केंद्राच्या इमिग्रेशन खात्याच्या काळ्या काचांच्या गाड्या दिसायच्या. कुणाला कामावरून नेलं, कुणाला दारातून, असं रोज ऐकू यायचं. दूध आणायला जाताना मीसुद्धा पासपोर्ट खिशात घालायला लागलो, आणि माझे कागद तर पूर्ण होते. योजनेत ज्यांची नावं होती ती वर केंद्राकडे गेली आहेत अशीही कुजबुज होती. खरं किती, खोटं किती, कुणी सांगेना. प्रफुल मला फोनवर म्हणाला, "माझं नाव, माझा पत्ता, माझी शुगर, सगळं त्यांच्यापाशी आहे बे. मीच हसत हसत देऊन आलो." तेव्हा त्याच्या आवाजात पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. त्याने पडदे ओढून घेतले. शिकवण्या बंद केल्या. दुकानात स्वस्तातलं जुन्या पद्धतीचं इन्सुलिन मिळतं, अडलेल्यांसाठी राज्यात आणखी एक सोय आहे, हे त्याला माहीत होतं. पण दुकानात जायचं म्हणजे बाहेर पडायचं, आणि सोय मागायची म्हणजे पुन्हा कुठेतरी नाव लिहायचं. नाव लिहिण्याची त्याने धास्तीच घेतली होती.

त्याच सुमारास आईच्या ऑपरेशनसाठी मला पुण्याला जावं लागलं. परत निघायच्या आदल्या दिवशी नंदाताई नागपूरहून स्वतः पुण्याला आल्या. "दुसऱ्या कुणाच्या हाती देववत नाही, भाऊ. बर्फ मीच भरणार." दुसऱ्या दिवशी मी निघायच्या वेळी, पुण्याच्या घरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी थर्मास भरला. खाली बर्फ, मग घडी केलेला नॅपकिन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या, वर पुन्हा नॅपकिन, पुन्हा बर्फ. झाकण लावताना पदर तोंडात धरला होता. पाया पडलो तर म्हणाल्या, "त्याला सांगा, थंडीत कानाला बांधत जा. लहानपणापासून ऐकत नाही."

मुंबईला सुरक्षा तपासणीत विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, माझंच आहे, मला मधुमेह आहे. भारतात मला शौर्य सुचतं. पण विमान मिनियापोलिसवर उतरायला लागलं आणि खाली तो पांढरा सपाट प्रदेश दिसला, तसा मी मनातल्या मनात मोजायला लागलो. पासपोर्टवर व्हिसाचा नुकताच मिळालेला नवा शिक्का, ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं काढलेली, घराचे हप्ते, मुलीची शाळा. आणि मांडीवर एका माणसाचं नाव कोरलेला थर्मास. हे औषध कुणाचं? प्रफुल कोण? कुठे राहतो? तपासणाऱ्याने ते नाव मशीनमध्ये टाकलं तर? हे सगळे प्रश्न मीच अधिकाऱ्याच्या आवाजात स्वतःला विचारत होतो. मी स्वच्छतागृहात शिरलो, दार लावलं, झाकण उघडलं. बाटल्या काढल्या, नॅपकिनमध्ये गुंडाळल्या, आणि बाहेर येऊन हात पुसायच्या कागदांखाली खोल दाबल्या. थर्मास टाकायचा धीर झाला नाही. त्याच्यावर नाव होतं ना, कुणाला सापडला तर! तो बेसिनमध्ये उपडा केला आणि बॅगेत ठेवला.

अधिकाऱ्याने माझ्याकडे धड पाहिलंही नाही. "वेलकम बॅक," एवढंच म्हणाला. कस्टम्सला बॅग कुणी उघडली नाही. आणि नाव देवनागरीत होतं… त्या माणसाला ते वाचताही आलं नसतं. हे मला टॅक्सीत बसल्यावर सुचलं.

प्रफुलला मी सांगितलं, बर्फ वितळला रे, बाटल्या गरम झाल्या, तुला धोका नको म्हणून टाकल्या. तो हसला. "पुणेकराच्या हातून बर्फसुद्धा पुरता पोचत नाही." मग हलक्या आवाजात म्हणाला, "ताईले सांगू नको. तिले लागून राहील." पण त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला, "भाऊ, थंड पोचलं ना?" मला दुसरं खोटं सुचेना. तेच सांगितलं.

पुढे मी त्याला म्हटलं होतं, चल, मी गाडीने क्लिनिकला नेतो. तो "नको बे" म्हणाला, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी विसरू शकत नाही. दुसऱ्यांदा मी आग्रह केला नाही. शिल्लक होतं ते तो पुरवून पुरवून घेत असणार. शेवटचा भेटलो तेव्हा मी माधवीने दिलेली आमटी घेऊन गेलो होतो. तो वाळला होता, घोटाघोटाने पाणी पीत होता, फ्लू आहे म्हणाला. त्याच्या जवळ बसलं की पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास येत होता. घरात आहेत वाटतं, असं मनात आलं. उठताना ओट्याकडे नजर गेली. केळी कुठेच नव्हती; वास त्याच्या श्वासाचा होता. मी तरी निघालो. दारातून तो म्हणाला, "कानाला बांध बे, हवा आहे." म्हणजे मी त्याच्यासाठी आणलेला ताईंचा निरोप त्यानेच मला दिला. मी तो पोचवायला विसरलो होतो.

अंत्यविधीला मोजकी माणसं आली. काही जण पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले आणि तिथूनच परत गेले. त्यांना मी नावं ठेवत नाही, कुठल्या तोंडाने ठेवू? अस्थी रेवाकडे आहेत. आत्याकडे न्यायच्या आहेत म्हणते. परवा विचारत होती, "काका, विल यू कम विथ मी?" मी पाहतो म्हणालो. पुन्हा त्या रांगेत उभं राहायची मला भीती वाटते, हे तिला सांगितलं नाही.

थर्मास आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. माधवी अधूनमधून पुसते, नावावरून फडकं फिरवते आणि परत ठेवते. नंदाताईंचा फोन अजून येतो. आधी त्या रडतात आणि मग फिरून फिरून तिथेच येतात. "भाऊ, मी बर्फ कमी घातला का हो? झाकण नीट बसलं नसेल. नॅपकिन जाड घ्यायला हवा होता…" आणि मी, त्यांना बरं वाटावं म्हणून, म्हणतो, "जाऊ द्या ताई, तुमची काय चूक?" असं म्हणतो की जणू चूक झाली होती त्यांचीच आणि मी ती मोठ्या मनाने पोटात घालतो आहे.

हा मजकूर छापायला देण्याआधी त्यांना सांगायला हवं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हणजे इथेही मी भित्राच ठरलो. रेवाबरोबर नागपूरला जायचं, थर्मास त्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्यासमोर बसून एक गोष्ट सांगायची, एवढं मी देणं लागतो. त्या दिवशी मी झाकण उघडलं तेव्हा ते इतकं घट्ट बसलं होतं की मला दोन्ही हात लावावे लागले. बाटल्या गार होत्या. नॅपकिनखाली बर्फाचे खडे तसेच होते, आणि बेसिनमध्ये पडताना ते वाजले. तुमचा बर्फ वितळला नव्हता, ताई.