पटावरची अकरा नावं

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा संपात बंद पडलेली वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झालेली नव्हती. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत पगार आणणारी मी एकटीच. नेमणुकीचा कागद आला तेव्हा आईने तो आधी देवापुढे ठेवला. मग मला बजावलं, "गप रवान काम कर. कोणाच्या भानगडीत पडा नको."

शाळा साकीनाक्याजवळ, कारखान्यांच्या गाळ्यांच्या मागे होती. तळमजल्यावर हिंदी माध्यमाची शाळा आणि वरच्या दोन मजल्यांवर आमची मराठी. मला चौथीची ब तुकडी मिळाली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिसऱ्याच नावाला कुणी 'हजर' म्हणालं नाही. पुढे सातव्याला नाही, आठव्यालाही नाही. हजेरी संपली तेव्हा अशी अकरा नावं झाली होती.

"ही सगळी आजारी आहेत का रे?" मी वर्गाला विचारलं.

"नाय बाई, ती येतच नाय," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. मागून कुणीतरी सांगितलं, "एकजण इंग्लिश शाळेत गेला बाई. टाय घालतो."

मी अकरा जणांपुढे लाल खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी केल्या, तिसऱ्या दिवशीही केल्या. शनिवारी मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आवाज कधी चढत नसे.

"बाई, तुमच्या हजेरीपत्रकात लाल फार दिसतंय."

"ती मुलं येत नाहीत, मोठ्या बाई."

"आज येत नाहीत, उद्या येतील. सलग गैरहजर टाकू नका. दोन दिवस लाल, तीन दिवस हजर, असं ठेवा."

"पण त्या मुलांना मी पाहिलंच नाही."

"तुमच्या आधीच्या बाईंनीही पाहिलं नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या आणि समोरच्या फाइलकडे वळल्या.

मी तसं करायला लागले. सोमवारपासून कधीच न बघितलेली मुलं मी हजर करू लागले. आठवड्याभरात सवय झाली. सवय झाली नाही ती एका विचाराची. वह्या, गणवेशाचं कापड, पेन्सिली हे सगळं आम्हाला पटाप्रमाणे मिळायचं. पटावर जितकी नावं, तितके संच. मग माझ्या अकरा जणांच्या वाट्याचं कुठे जात होतं?

सामानाचं कपाट मोठ्या बाईंच्या खोलीत होतं. त्याची किल्ली त्याच जुडग्यात. मी लक्ष ठेवायला लागले. एकदा संशय धरला की माणसाची प्रत्येक गोष्ट त्यात बसायला लागते. त्यांचा हळू आवाज मला कावेबाज वाटायला लागला. शिपायाशी त्या दाराआड बोलल्या तर मी पाऊल हळू टाकायची. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या एक जड कापडी पिशवी घेऊन जातात, हे माझ्या लक्षात आलं. पिशवीतून वह्यांचे कोपरे दिसत होते.

शेजारच्या वर्गाला तिसरीच्या बाई होत्या. डबा आम्ही एकत्र खायचो. मी त्यांना हळूच विचारलं, "मोठ्या बाई वह्या कुठे नेतात हो?"

त्यांनी चपातीचा घास तोंडातच धरला. "तू नवीन आहेस ना? मग नवीनच राहा अजून थोडे दिवस."

ते उत्तर ऐकून मला त्यांचाही संशय यायला लागला. त्यांच्या वर्गातही न येणारी मुलं असणारच. सगळ्यांचं संगनमत आहे आणि मी एकटीच बाहेर, असं वाटायचं. खरं तर हजेरीपत्रकावर माझं अक्षर होतं. पण तेव्हा ते मी मोजत नव्हते.

एके दिवशी प्रवेशाच्या रजिस्टरमधून अकरा पत्ते उतरवून घेतले आणि शाळा सुटल्यावर शोधत निघाले. पहिल्या घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, "ते गेले गावाला. बापाची गिरणी गेली ना, इथे राहून काय करणार?" आमच्या घरचंच ऐकल्यासारखं वाटलं.

दुसरं घर टायवाल्या मुलाचं होतं. त्याची आई दार अर्धंच उघडून उभी राहिली. मी शाळेतून आलेय म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला.

"आता कशाला आलात? दाखला मागून मागून यांचे जोडे झिजले. तुमच्या मोठ्या बाई देत नाहीत. आज या, उद्या या."

"दाखल्याशिवाय इंग्लिश शाळेने घेतलं?"

"घेतलं. पण आणून द्या म्हणतात, नाहीतर वरच्या वर्गात घालणार नाहीत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याचं नाव अजून आमच्या पटावर आहे. रोज हजेरी लागते त्याची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने दार लावून घेतलं.

तिसरा पत्ता गाळ्यांच्या मागच्या वस्तीतला. दहा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून प्लास्टिकच्या झाकणांच्या कडा ब्लेडने तासत होती. शेजारी आई तेच करत होती. भोवती झाकणांचे दोन ढीग, एक तासलेला आणि एक राहिलेला. मी नाव विचारलं. माझ्या पटावरचंच नाव होतं. महिनाभर जिला मी आठवड्यातून तीन दिवस हजर करत होते, ती अशी समोर बसली होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"शाळेत का नाही येत गं?"

"शनवारी असते ना शाळा," ती म्हणाली.

मला कळेना. तिच्या आईने फळीवरून तीन वह्या काढून दाखवल्या. आमच्याच शाळेच्या. आत गिचमीड अक्षरात शुद्धलेखन, गणितं, आणि खाली लाल शाईत ओळखीची सही. "मोठ्या बाई येतात शनवारी. हिला शिकवतात, हिच्याच वर्गातल्या पलीकडच्या दोघींना पण. रोज पाठव म्हणतात. रोज पाठवली तर माल कोण उचलणार? शेठ दुसऱ्याला देतो."

परत येताना मी बसमध्ये हिशोब लावत होते. मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. तीन मुलींच्या वह्या समजल्या. उरलेल्या आठांच्या? आणि घरी शिकवणारी बाई दुसऱ्या आईला दाखला का देत नाही? अर्धं उत्तर मिळालं की संशय अधिकच चिवट होतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीचे पत्ते शोधायचं मात्र माझ्याच्याने झालं नाही.

पुढच्या पंधरवड्यात खात्याकडे निनावी पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं की चौथी ब मध्ये खोटी मुलं आहेत. तपासणीला निरीक्षक साहेब येणार असं कळलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं मी आत शिरले की थांबायला लागलं. तिसरीच्या बाई डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसायला लागल्या. त्यांना वाटलं, मी पत्र लिहिलं. मला वाटलं, त्यांनी लिहिलं आणि आळ माझ्यावर ढकलला. मी जिना चढताना मागे वळून बघायला लागले होते.

साहेब आले त्या सकाळी मी वर्गात शिरले तर सगळे बाक भरलेले. अकरा नवे चेहरे माझ्याकडे बघून हसत होते. तळमजल्यावरच्या हिंदी शाळेची मुलं शिपायाने वर आणून बसवली होती. प्रत्येकाच्या तळहातावर पेनाने एकेक नाव लिहिलेलं. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हजेरी नीट घ्या."

मी हजेरी घेतली. साहेब खुर्चीत बसून डोकी मोजत होते. अकरा जणांनी तळहात बघून झोकात 'हजर' म्हटलं. एकाने 'हाजिर' म्हटलं. माझे कान तापले. पण साहेबांची मोजणी थांबली नाही.

मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाला वाचायला सांगितलं. तो दुसऱ्या शब्दालाच अडला. दुसऱ्याला सांगितलं, तो उभाच राहिला नुसता. तिसरी मुलगी उठली, ती चिंध्यावाल्या मुलीच्या नावावर बसलेली होती. तिने धडा घडाघडा वाचला. उच्चार थोडे हिंदी, पण एक अक्षर चुकलं नाही.

"छान," साहेब म्हणाले. "ही हुशार आहे." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, ही सगळी मुलं तुमच्याच वर्गातली ना?"

दारातल्या मोठ्या बाईंकडे मी बघितलं नाही. घाटकोपरच्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या.

"हो साहेब," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं असं मला आजही वाटतं. त्यांनी सही केली आणि चहा घ्यायला गेले.

दुपारी मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. "पत्र तू लिहिलंस?" पहिल्यांदाच त्या मला तू म्हणाल्या.

"नाही. पण घरी जाऊन आले मी. त्या मुलीकडे. वह्या बघितल्या."

त्यांनी कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "पट खाली गेला की तुकडी मोडते. तुकडी मोडली की एक शिक्षक जास्त होतो. सगळ्यात नवीन कोण आहे इथे?"

मी टेबलावरच्या हजेरीपत्रकाकडे बघितलं.

"तुझ्या वडिलांचं नेमणुकीच्या वेळी समजलं होतं मला. दाखले दिले की नाव कमी करावं लागतं. म्हणून अडवले."

म्हणजे ती अकरा मुलं माझ्यासाठी होती. निदान त्या तसं म्हणत होत्या. कपाटात काय उरलं ते मी विचारलं नाही. विचारायचं तोंड मला उरलं नव्हतं.

चार दिवसांनी टायवाल्या मुलाचे वडील शाळेत आले आणि मोठ्या बाईंच्या खोलीत जोरजोरात बोलायला लागले. "पत्र टाकल्याशिवाय तुम्ही लोक हलत नाही! आता दाखला देता की पुन्हा टाकू? तुमच्याच बाई सांगून गेल्या घरी, रोज हजेरी लागते म्हणून."

तेव्हा सगळ्यांना कळलं पत्र कुणी लिहिलं, आणि कुणामुळे. तिसरीच्या बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्यावर मी महिनाभर उगाच डूख धरला होता. त्यांचा माझ्यावरचा संशय मात्र अगदीच चुकलेला नव्हता. मोठ्या बाईंनी तिथेच दाखला लिहून दिला. मग बाकीचेही पालक आले. दिवाळीपर्यंत माझ्या पटावरून सात नावं गेली.

तपासणीतली एक गोष्ट मला झोपू देईना. माझी जी मुलं रोज येत होती, त्यांना वाचता येत नव्हतं. जी नव्हती त्यांच्यासाठी शाळाभर एवढी धावपळ, आणि जी समोर बसत होती त्यांची कुणालाच काळजी नाही. मलाही नव्हती. मी पत्ते शोधत फिरत होते आणि दुसऱ्या बाकावरचा मुलगा 'झाड' या शब्दापाशी अडून बसला होता. शाळा सुटल्यावर मी रोज तासभर थांबायला लागले. कधी आठ मुलं थांबायची, कधी तीनच. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तो मुलगा एक पान न अडता वाचायला लागला. काहीजण नाही शिकले. त्यांनाही पाचवीत ढकललं, तशी वरून सूचना होती.

निकाल लावताना बघितलं तर झाकणं तासणारी मुलगी पास होती. पेपर तिने मोठ्या बाईंच्या खोलीत बसून लिहिला की तिच्या घरी लिहिला गेला, की कुणी दुसऱ्यानेच लिहिला, हे मी विचारलं नाही. अक्षर मी फार वेळ बघत बसले होते. ओळखू आलं नाही.

जूनमध्ये तुकडी मोडली. मी अतिरिक्त ठरले, पण नोकरी गेली नाही. मुलुंडच्या शाळेत बदली झाली. म्हणजे सगळं ज्या भीतीपोटी चाललं होतं, ती भीती एका बसच्या अंतराएवढीच होती. मोठ्या बाईंना ते आधीपासून माहीत असणार. मग त्या नक्की कुणाला वाचवत होत्या? मला, त्या मुलींना, की शाळेला? की कपाटाला?

निरोपाच्या दिवशी त्यांनी मला नारळ दिला आणि खांद्यावर हात ठेवला. "मुलुंडला गेलीस की पहिल्याच दिवशी प्रश्न विचारू नकोस."

सल्ला होता की धमकी, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मी वाकून नमस्कार केला. घरी आईने तो नारळ फोडला, तर चांगला निघाला, पाणीही गोड होतं. वडील म्हणाले, "बाई मनाने चांगल्या दिसतात." मी हो म्हणाले.