पिशवी

दोहातल्या अल मुंतझाच्या दवाखान्यात ती बाई मांडीवर पिशवी घेऊन कोथिंबीर निवडत बसली होती. रत्नागिरीकडची, बुरख्यातली. मी डॉक्टरांच्या खोलीतून तणतणत बाहेर आले आणि तिच्याशेजारी बसून तिलाच सगळं सांगत सुटले. गर्भाशयात फायब्रॉइडच्या दोन गाठी, तर म्हणे पोट उघडून पिशवीच काढू. दोन मुलं झालीत, आता हवी कशाला!

सडकी काडी खुडत ती म्हणाली, "बाय, माझी अशीच काढलीन. नवऱ्याला इचारलान, तो बोल्ला, खलास करा. मना कोनी इचारलंच नाय." मग कोथिंबीर माझ्यापुढे धरली. "दोन काड्या सडल्या म्हणून अख्खी पिशवी फेकू काय?"

माझं डोकंच फिरलं, स्वतःवर. भाजीवाल्यांशी भांडभांडून टिफिनचा धंदा उभा केला, आणि इथं पहिलाच भाव ऐकून गप्प उठले!

परत आत शिरले. "फक्त गाठी काढून पिशवी ठेवता येते का?"

"येईल की. दुर्बिणीनं, पोटाला तीन-चार छोटी छिद्रं पाडून."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिला विचारलं नाही म्हणून तिची गेली. मी विचारलं नाही म्हणून माझी जाणार होती.