मागचं पाहिलंय का?

आमच्या थिएटरात अंधारात लोकांना खुर्ची दाखवणारी एक बाई आहे. तिला सगळे टॉर्चताई म्हणतात. मी समोरच पॉपकॉर्न विकतो, त्यामुळे तिचं हसणं-रुसणं मला बसल्या जागी कळतं. हल्ली ती चोरी पकडली गेल्यासारखी वावरते, आणि त्याला कारण सिनेमातला तो उडणारा मुखवटेवाला.

त्याचा पहिला सिनेमा लागला तेव्हा दाराशी मरणाची गर्दी. ताईचे बाबा शेवटच्या रांगेत बसून शिट्ट्या मारायचे. मग भागांवर भाग निघाले. मेलेले परत आले, परत आलेले दुसऱ्याच जगातले निघाले, त्यांच्या भाच्या-पुतण्यांचेही सिनेमे झाले. माणसाने सिनेमा बघायचा की अभ्यास करायचा? बाबा अंधारात विचारायचे, "अगं, हा मेला होता ना?" लोक श्श्-श्श् करायचे. एकदा ताईने वैतागून त्यांच्या तोंडावरच उजेड टाकला. "मागचं पाहिलं नसेल तर गप्प बसा ना, बाबा!" अख्खी रांग हसली. बाबा पुन्हा आले नाहीत.

हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. मॅनेजरसाहेब कधी मोबाइलला शिव्या घालायचे, कधी माझ्या पॉपकॉर्नला. ताई मला म्हणाली, "दादा, लोक का येत नाहीत ते मला विचारा. मी सख्ख्या बापाला 'गप्प बसा' म्हणून घालवलं."

"अगं, सिनेमे काय तू काढतेस?"

"उजेड तर मीच टाकला ना?"

मी तिच्या हातात पॉपकॉर्नचा पुडा ठेवला.

नवा भाग लागला तेव्हा तिने हातापाया पडून बाबांना आणलं. दुपारचा खेळ, आत चिटपाखरू नाही. मध्यंतरात मी चहा घेऊन गेलो, तर ती पायरीवर बसून त्यांना मागची सगळी गोष्ट समजावत होती. बाबांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"त्याचं राहू दे गं," ते म्हणाले. "तू आमच्याकडे राहायला आलीस. जावई कधी दिसत नाहीत. तू आणि आई स्वयंपाकघरात कुजबुजता, मी आलो की गप्प होता. मला मागचं काही ठाऊक नाही. मग मध्येच कसं विचारायचं?"

तिचा नवरा तिला सोडून गेल्याचं थिएटरात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई तर रडूच लागली. "चुकलं माझं, बाबा. तुम्ही सतरा प्रश्न विचाराल म्हणून सांगितलंच नाही."

दिवे मालवले. पडद्यावर मारामारी सुरू झाली. ताईने टॉर्च बंद केली, बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागली. बाबा मध्येमध्ये विचारत होते, "मग? तेव्हा तू काय म्हणालीस?" श्श् म्हणायला आत दुसरं कुणीच नव्हतं.