दुसऱ्या दिवशीची एकादशी

आमच्या घरी फ्रिज नव्हता. तरीही ताईला पाहायला येणाऱ्यांना थंडगार काहीतरी द्यायचं, ही टूम मीच काढली. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि शाळेत गृहविज्ञानाच्या तासाला शिकलेल्या चार पदार्थांच्या जोरावर स्वतःला मोठी सुगरण समजत होते. त्या चारांतलाच हा एक. बारीक साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गार पाण्यानं धुऊन आटवलेल्या गोड दुधात सोडायचा, त्यात आंब्याच्या आणि केळ्याच्या फोडी घालायच्या आणि पातेलं बर्फात ठेवायचं. शाळेतल्या बाईंनी त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं. आमच्या घरात त्याला नुसतं ‘थंडा’ म्हणत.

ताईचं हे तिसरं स्थळ. पहिल्या दोघांकडून नकार आला होता, आणि दोन्ही वेळा कारण तेच होतं, मुलगी सावळी आहे. दुसऱ्या नकारानंतर आईनं ताईला हळद-साय चोळायचं बंद केलं, बाबांनी घरात बोलणं कमी केलं आणि ताई स्वतःच पाहुण्यांच्या कपबश्या विसळताना म्हणाली होती, “आता मले कोणासमोर बसवू नका.” तरी हे स्थळ आलं. मुलगा खापरखेड्याला वीजकेंद्रात नोकरीला, घरची शेती कुहीकडे. त्याचा फोटो ताईनं एकदाच पाहून परत दिला असं आईला वाटत होतं. तो तिच्या शिवणाच्या वहीत होता, हे मला ठाऊक होतं. म्हणजे या वेळचा नकार तिला नुसता लागणार नव्हता, मोडून टाकणार होता.

मे महिना, नागपूरचं ऊन. बाबा सकाळीच सायकलीच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आले. मागे पाण्याची धार लागलेली. “चार वाजेपर्यंत पुरली पाहिजे,” म्हणाले आणि लादी घमेल्यात ठेवून वर भुसा टाकला. आई पुढच्या खोलीत खिडक्यांना लावलेल्या खसच्या ताट्यांवर पाणी मारत होती. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं आणि त्याचा मला गर्व होता.

गर्व अकराच्या सुमाराला उतरला. आंब्याच्या फोडी कमी वाटल्या म्हणून मी गावरान आंब्यांचा वाटीभर रस काढला आणि गरम दुधातच ओतला. आंबे आंबट होते. दूध बघता बघता फाटलं. पिवळ्या पाण्यात पांढऱ्या गाठी तरंगायला लागल्या. गवळ्याकडून मुद्दाम दुप्पट घेतलेल्या दुधातलं निम्मं गेलं होतं. मी ते मोरीत ओतलं, वरून दोन तांबे पाणी सोडलं आणि उरलेल्या दुधात पाणी घालून पुन्हा सुरुवात केली. हा दुसरा थंडा पातळ झाला. साबुदाणा तळाला बसला, वर निळसर दूध.

तेव्हा मला तो डबा आठवला. कस्टर्ड पावडरचा, शाळेतल्या प्रदर्शनानंतर उरलेला, बाईंनी मला बक्षीस म्हणून दिलेला. आईला डब्यातली पिठं चालत नसत. “कशात काय मिसळते कोणाले ठाऊक,” म्हणायची. म्हणून तो मी माझ्या पेटीत ठेवला होता. मी दोन चमचे पावडर गार दुधात कालवली, पातेलं पुन्हा विस्तवावर ठेवून त्यात सोडली आणि ढवळत राहिले. दाट, पिवळंधम्मक झालं. साबुदाणा वर आला. मग फोडी घातल्या, घरातली सहाच्या सहा केळीही कापून टाकली.

ताई ओल्या केसांनी दारात उभी होती. तिनं डबा पाहिला, उचलून वाचला. “मक्याचं पीठ आहे यात,” म्हणाली.

“मग? उपास काल झाला.”

“उपासाचं नाही म्हणत वं मी. आईले सांगितलं का?”

“तू सांगशील?”

ती हसली, डबा माझ्या हातात देऊन केस पुसायला गेली. तेव्हा ती साधी चोरी होती. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं.

उपास काल झाला, हे मात्र समजावून सांगायला हवं. कधी कधी पंचांगात एकादशी लागोपाठ दोन दिवस येते. पहिल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत, म्हणजे माळकऱ्यांची. आमच्याकडे पहिली धरत. काल आम्ही भगर आणि दाण्याची आमटी खाऊन मोकळे झालो होतो, त्यामुळे आज पाहुण्यांसाठी कांदेपोहे, आलुबोंडे आणि थंडा असा बेत ठरला होता. दुसऱ्या कोणाची एकादशी आज असू शकते, हे घरात चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पाहुणे चारला यायचे ते पाच वाजले तरी आले नाहीत. मी दर दहा मिनिटांनी बर्फावर जाडं मीठ टाकत होते आणि वितळलेलं पाणी वाटीनं काढत होते, नाहीतर खारट पाणी पातेल्यात शिरलं असतं. लादीची वीट झाली, विटेचे खडे झाले. बाबा फाटकाशी जाऊन परत येत. ताई साडी चुरगळू नये म्हणून उभीच. मला तिचा रागही येत होता. इतकं शांत कोणी कसं राहू शकतं?

साडेपाचला ते आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. वाटेत बस बंद पडली होती. मुलाची आई ठेंगणी, नऊवारीतली, चेहरा उन्हानं रापलेला. दारात चपला काढायला ती वाकली तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ पुढे आली. मी ती पाहिली आणि तरी माझ्या काही लक्षात आलं नाही.

ताई बसली, प्रश्न झाले. शिवण येतं का, शेतावर राहिली आहेस का, वाचतेस काय. मुलगा जमिनीकडे पाहत होता, पण दोनदा त्यानं वर पाहिलं. मग आईनं पोह्यांच्या बशा आणल्या तशी मुलाची आई हात वर करून म्हणाली, “मले नको बाई. आज माही एकादस हाय. आमची दुसऱ्या दिवशीची असते. तीस वर्षं झाली, मोडली नाही.”

आईचा चेहरा पडला आणि लगेच उजळलाही. “मग थंडा चालते न तुम्हाले. साबुदाण्याचा आहे.”

“बाहेरचा नाही, घरचाच आहे,” बाबा म्हणाले. “दूध, साबुदाणा, साखर, आंबा अन् केळं. बाकी काही नाही. आमच्या घरच्यांनीच केला.”

बाबांनी आयुष्यात कधी मीठमसाल्याचं नाव घेतलं नसेल, आणि त्या दिवशी एकेक जिन्नस मोजून सांगितला. मी दाराच्या आड उभी होते.

“चालते मंग,” ती म्हणाली. “सकाळपासून पाण्याचा घोट नाही वं पोटात. द्या.”

“ताई, तू आण वं,” आई म्हणाली.

ताई आत आली. मी पातेल्यासमोर बसले होते. आईनं दारातूनच डोकावलं तेव्हा मी घाईनं म्हटलं, “आई, मी कोपऱ्यावरून केळी आणते त्यांच्यासाठी.”

“थंडा असताना केळी? डोकं फिरलं का तुहं? भर लवकर.” आणि ती बाहेर गेली.

सांगायला वेळ नव्हता, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. वेळ होता. आई दारात होती, एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर काय होईल ते मला दिसत होतं. आईचा ओरडा, बाबांची मान खाली, आणि पाहुणे उठून गेलेले. तिसरा नकार, तोही माझ्यामुळे. एका परक्या बाईचा उपास मोडेल, तिला कळणारही नाही, आणि ताईचं लग्न होईल. मी गप्प राहायचं ठरवलं. ताईसाठी, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मी भ्याले होते.

मी वाटी भरली. एक फोड खाली पडली. ताई माझ्याकडे पाहत होती.

“त्यात ते आहे न?” तिनं हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

“आईले सांग.”

मी वाटी तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मी परत दाराआड आले. माझी खात्री होती की ती देईल. मी तिच्या जागी असते तर दिली असती.

मुलाच्या आईनं दोन्ही हात पुढे केले. वाटीला बाहेरून दव सुटलं होतं. ती म्हणालीसुद्धा, “कशी थंडगार हाय वं.” ताईनं वाटी सोडली नाही. दोघींचे हात वाटीला, आणि ताई म्हणाली, “मावशी, हे तुम्हाले चालणार नाही. यात मक्याचं पीठ आहे. मी घातलं.”

आई म्हणाली, “काय बोलून राहिली वं तू?”

“दूध पातळ झालं होतं म्हणून डब्यातलं पीठ घातलं. आईले न विचारता. तिले ठाऊक नाही, बाबांनाही नाही.”

मुलाच्या आईनं हात मागे घेतले, एक हात गळ्यातल्या माळेवर गेला. ती ताईकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “पाणी दे मले.”

ती पाणी प्यायली, आणि थोड्या वेळानं ते उठले. मुलाचे वडील “कळवतो” म्हणाले. हे ‘कळवतो’ आमच्या घरानं दोनदा ऐकलं होतं.

दार लागल्यावर आई ताईला जे बोलायचं ते बोलली. डब्यातली घाण, लोकांसमोर तोंड काळं केलं, आता बस घरात जन्मभर. ताई कपबश्या विसळत होती. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी तिथेच उभी होते आणि एकदाही म्हणाले नाही की मी घातलं. ताईनंही माझ्याकडे पाहिलं नाही. उरलेला थंडा रात्री कोणी खाल्ला नाही, सकाळी तो आंबला.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. त्या पंधरा दिवसांत ताईनं शिवणाची वही उघडली नाही. पोस्टकार्ड बाबांनी आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. मुलगी पसंत आहे. खाली मुलाच्या वडिलांनी एक ओळ जास्तीची लिहिली होती, घरच्यांचं म्हणणं पडलं की स्वतःचं नुकसान होत असताना जी खरं बोलते तीच सून करायची.

आई रडायला लागली आणि तिनं ताईला जवळ घेतलं. मी गच्चीवर पळाले. थोड्या वेळानं ताई वर आली, वाळत घातलेल्या कुरडया उलटायला बसली.

“तू माझं नाव काहून घेतलं नाहीस?” मी विचारलं.

“तुले अजून पाहाले याचे हायेत लोक,” ती म्हणाली. “माह्यावर दोन नकार होते, अजून एकानं काय झालं असतं.” मग कुरडई हातात धरून म्हणाली, “खरं बोलणारी म्हणून नेऊन राहिले मले त्या घरी. अन् पहिलंच वाक्य खोटं बोलून चालली मी.”

मला तेव्हाच खाली जाऊन सगळं सांगावंसं वाटलं. ताई म्हणाली, आता सांगशील तर दोघींचं नाव जाईल. मी ऐकलं. तेही मला सोयीचंच होतं.

लग्न झालं. त्या घरात ताईचा शब्द चालायला लागला. पाहुण्यांनी काही आणलं, शेजारून वाटी आली, की सासूबाई आधी विचारायच्या, “सूनबाई, हे चालते का?” ताईनं हो म्हटलं की खायच्या, नाही म्हटलं की बाजूला सारायच्या. ताई मला एकदा म्हणाली होती की तिथे ती नंतर कधीच खोटं बोलली नाही, साधं डोकं दुखतंय असंसुद्धा नाही. धाक वाटतो, म्हणाली.

दहा-बारा वर्षांनी मी माहेरपणाला आले होते आणि मे महिन्यात खापरखेड्याला ताईच्या क्वार्टरवर गेले. आता तिच्याकडे फ्रिज होता. सासूबाई खाटेवर, दिसायला फार कमी, गळ्यात तीच माळ. दुसऱ्या दिवशीची एकादशी होती, मी मुद्दाम तोच दिवस धरून गेले होते. दूध तासभर आटवलं, बैंगनपल्ली आंबे गोड आहेत का ते एकेक चाखून पाहिलं, आणि थंडा केला. डबा नाही, पीठ नाही.

वाटी मी स्वतः नेली. सासूबाईंनी हातानं चाचपून ती धरली. “थंडगार हाय,” म्हणाल्या. मग मान वळवून, माझ्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे, विचारलं, “सूनबाई, हे चालते का?”

ताई दारात उभी होती. तिनं थंडा होताना पाहिला नव्हता, ती बाजारातून नुकतीच आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला काही खोटं सांगितलं नव्हतं, पण खरंही तिनंच माझ्यासाठी सांगितलं होतं, आणि ते ती विसरली नव्हती. मी मान हलवली, काही नाही यात म्हणून.

“लहानीनं केला आहे,” ती म्हणाली. “तिलेच विचारा.”

वाटी हातात धरून सासूबाई माझ्याकडे वळल्या. “सांग वं, हे चालते का?”